डबीरांची तुरटी, सुनेची माती

आमच्या ह्यांना गढूळ पाणी बघवत नाही. काही माणसांना रक्त बघून चक्कर येते ना, तसं ह्यांचं. विनायकराव डबीर, सगळी नोकरी शहराचं पाणी साफ करायच्या टाक्यांवर झाली. नदीचं चहासारखं पाणी एकीकडून यायचं, त्यात तुरटी पडायची, गाळ खाली बसायचा आणि निवळ पाणी लोकांच्या नळाला जायचं. हे रिटायर झाले, पण तुरटी काही रिटायर झाली नाही. दाढी झाली की तुरटी, माठात तुरटी, तोंड आलं की तुरटीच्या गुळण्या. एकदा तर डाळ धुतलेल्या पाण्यात खडा फिरवायला निघाले होते. मी पळी उगारली तेव्हा कुठे थांबले.

"सुनंदा, बघ तरी किती गढूळ आहे!"

"अहो, ते फेकायचं पाणी आहे!"

"म्हणून काय झालं?"

आता अशा माणसाला काय म्हणायचं, सांगा. इथे उज्जैनला टावर चौकात पोहे खायला गेले तरी आधी पोहेवाल्याच्या पिंपात डोकावून येतात. त्याने आता पिंपावर झाकण घालून वर वीट ठेवली आहे. माणूस वाईट नाही हो, पण हट्टी असा की समोरच्याने हात टेकावेत. पाण्यातलं कळतं ते फक्त मला, बाकीच्यांनी माना हलवाव्यात, असा सगळा साहेबी थाट.

आणि ह्याच माणसाच्या घरात सून आली ती मातीवाली.

मृणाल, आमच्या मंदारची बायको. मंदार सकाळी इंदूरला जातो तो रात्री उगवतो, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मृणाल सिव्हिल इंजिनियर आहे. लग्न ठरलं तेव्हा मी मराठी मंडळात काय ऐट मारली होती! सून इंजिनियर, ए.सी.त बसून नकाशे काढणार. कसलं काय! ही बाई रोज संध्याकाळी गुडघ्यापर्यंत काळा चिखल घेऊन दारात उभी. आपल्या माळव्याची माती तर माहीतच आहे, चपलेला लागली की चप्पल तुटेल पण ती सुटायची नाही. मी फरशी पुसून पुसून वैतागले.

भैरवगढच्या वरच्या अंगाला टेकाडावर एक नवी कॉलनी होते आहे. सिंहस्थ जवळ आला की उज्जैनमध्ये जो तो जमीन उकरायला लागतो, तसंच. तिथे मृणालचं काम काय, तर खोदकाम आणि सपाटीकरण चालू असताना माती वाहून जाऊ द्यायची नाही. मी म्हटलं, "अगं, मातीची राखण करायला इंजिनियर कशाला? वॉचमन ठेवा की." ती नुसती हसली. ती माझ्यावर कधी चिडत नाही आणि त्यामुळे मला जास्तच चिडायला होतं.

"आई," ती म्हणाली, "झुडपं काढली, गवत खरवडलं की जमीन उघडी पडते. मग पाऊस आला की माती सरळ नाल्यात आणि नाल्यातून क्षिप्रेत. म्हणून लागेल तेवढीच जमीन उघडायची. उतारावर भुसा अंथरायचा, गवत पेरायचं, पाण्याच्या वाटेवर दगडांचे आडवे बांध घालायचे, पायथ्याशी कापडाचं कुंपण ठोकायचं. आणि सगळ्यात खाली एक खड्डा, उरलासुरला गाळ बसायला."

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "म्हणजे आमची गाळाची टाकीच की! मग वरचा एवढा पसारा कशाला? खड्डा घ्या, तुरटी टाका, विषय संपला."

"बाबा, खड्डा शेवटचा. माती जागची हलूच नये, ते खरं काम."

"हलू दे ना. तुरटीपुढे कुठली माती टिकली आहे?"

हे रोजचं झालं होतं. मी दोघांच्या पानात भाजी वाढायची आणि म्हणायची, आता ही मेथी तरी धुतलेली आहे, हिच्यावर भांडू नका.

आता ह्यात यासीनभाई कुठून आले ते सांगते. टेकाडाच्या पायथ्याशी नाल्याला लागून त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्यांचे छिपे, म्हणजे कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणारे. घरामागे एक मोठा हौद आहे, त्यात नाल्याचं पाणी घेतात आणि छापलेलं कापड तिथेच धुतात. गेल्या पावसाळ्यात, मृणाल तिथे लागायच्या आधी, वरच्या साइटवरचा चिखल त्यांच्या हौदात उतरला आणि सगळा माल बरबाद झाला. यासीनभाई त्याच चिखलाची बादली घेऊन टेकाड चढले आणि कॉलनी बांधणाऱ्या शेठच्या काचेच्या टेबलावर ओतून आले. त्यानंतर शेठला अचानक माती सांभाळणारं माणूस ठेवायची बुद्धी झाली. मृणालची नोकरी त्या बादलीतून निघाली म्हणा ना.

नोकरीवर लागल्या लागल्या ती यासीनभाईंकडे गेली. त्यांच्या मुलीचा, सायमाचा निकाह फेब्रुवारीत ठरला होता. तिच्यासाठी चादरी, रजयांची कव्हरं, ओढण्या, सगळं ते स्वतःच्या हाताने छापत होते. पांढऱ्या जमिनीवर लाल बुट्टी. दुसऱ्या कोणाला ठसा धरू देत नव्हते. ते म्हणाले, "बिटिया, मुझे और कुछ नहीं चाहिए. ये माल धुलने तक मेरा पानी साफ रख दे." मृणाल म्हणाली, "चाचा, मेरी जबान है." घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. अगं, पाऊस काय तुझ्या आईचा नोकर आहे, जबान कसली देतेस!

पण तिने दिली होती. आणि थंडीत नाल्याला पाणी असतं ते नावापुरतं, हौद अर्धासुद्धा भरेना. यासीनभाईंना धुवायला पाणी हवं, म्हणजे मावठा, थंडीतला अवकाळी पाऊस, हवा. आणि मावठा आला की वरून माती यायची भीती. अशी सगळी गंमत.

मृणाल डबा विसरायची, मग डबा पोचवायच्या निमित्ताने हे साइटवर जायला लागले. तिथून खाली यासीनभाईंकडे. दोघांची अशी गट्टी जमली की विचारू नका. दोघं हौदाच्या काठावर बसायचे आणि पाण्यात बघत राहायचे. मी एकदा विचारलं, काय बोलता हो एवढं? तर म्हणे, बोलायचं काय, बघायचं असतं.

जानेवारीत मृणाल माहेरी ग्वाल्हेरला लग्नाला गेली. तिची पाठ वळली आणि शेठने मशीन लावून अख्खा उतार एका झटक्यात सोलून काढला. पावसाळा गेला, आता कसली भीती, लोकांना प्लॉट दिसले पाहिजेत, असं त्याचं गणित. कापडाचं कुंपण मशीनखाली गेलं, दगडांचे बांध कोणीतरी पायऱ्यांना वापरले. मृणाल परत आली, उतार बघितला आणि शेठशी अशी भांडली म्हणे की ह्यांनी डबा तसाच स्कूटरवर धरून ठेवला, मध्ये जायची हिंमत होईना. मी ते ऐकून मनातून खूशच झाले. माझ्यावर नाही तर नाही, कुणावर तरी चिडते तर!

आणि त्याच आठवड्यात मावठा आला. सकाळपासून लागला तो थांबेना. मृणाल आणि मजूर वर कुंपण परत ठोकत होते आणि खालचा खड्डा चहासारख्या पाण्याने भरत चालला होता. आपली काळी माती पिठासारखी बारीक, पाण्यात मिसळली की खाली बसायचं नावच घेत नाही. खड्डा काठोकाठ आला. ओसंडला असता तर सगळं नाल्यात, आणि नाल्यातून यासीनभाईंच्या हौदात.

तेव्हा आमचे हे स्कूटर काढून फ्रीगंजच्या बाजारात गेले आणि तुरटीचं पोतं पायाशी घालून परत आले. खडे फोडले आणि अख्खं पोतं खड्ड्यात रिकामं केलं. आता तुरटी किती घालायची ह्याला माप असतं. पण टाकीवर माप घ्यायला माणसं होती. ह्यांनी आयुष्यभर फक्त "टाका" म्हटलं होतं, स्वतः कधी टाकली नव्हती!

पण पाणी काय निवळलं म्हणता! काच! तळाचा दगड दिसायला लागला. मृणाल ओलीचिंब होऊन खाली आली आणि बघतच राहिली. "बाबा, किती टाकलीत?" "लागेल तेवढी," हे म्हणाले. ती इतकी दमली होती की पुढे काही विचारलंच नाही. "वाचवलंत," म्हणाली आणि खड्ड्याचं पाणी नाल्यात सोडलं. त्या संध्याकाळी ह्यांची कॉलर बघायची होती. मला म्हणाले, आज शिरा कर. मीही वेडी, बदाम घालून केला.

खाली यासीनभाईंनी असं पाणी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांनी सगळाच्या सगळा माल एका दमात धुवून टाकला आणि रंगाची कढई चढवली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "साब, जरा आ जाओ. बिटिया को भी लाना." आवाज असा की मीही पदर खोचून निघाले.

अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. सगळ्या लाल. बुट्टी लाल ती लालच, पण पांढरी जमीनसुद्धा गुलाबी-लाल, डागाडागांची. सायमा दारात उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. यासीनभाई हौदाच्या काठावर बसले होते. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, जीभ लावली, थुंकलं आणि ओंजळ ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी बोट बुडवून चाखलं. तुरट, नुसतं तुरट. तोंडाचा चंबू झाला.

मग यासीनभाईंनी सांगितलं ते मला पहिल्यांदाच कळलं. छापताना ठसा जिच्यात बुडवतात ती खळ तुरटीचीच, त्यांच्या भाषेत फिटकरीची, असते. कापडावर लागली तरी डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही. कापड धुवून लाल रंगात उकळलं की जिथे तुरटी तिथे लाल रंग धरतो, जिथे नाही तिथे पांढरं राहतं. सगळी विद्या एवढ्यावर उभी आहे. आणि आमच्या ह्यांनी अख्ख्या हौदालाच तुरटी पाजली होती.

"पाणी तर निवळ होतं..." हे पुटपुटले.

"इतना साफ था, साब," यासीनभाई म्हणाले, "कि मैंने अल्लाह का शुक्र मनाया."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मृणाल पुढे होऊन म्हणाली, "चाचा, गलती मेरी है. पानी मैंने छोड़ा." तेव्हा हे मध्ये पडले. "नाही. फिटकरी मैंने डाली. पूरा बोरा." आणि मान खाली घातली ती वर केली नाही. लग्नाला महिनासुद्धा उरला नव्हता. मला इतकं वाईट वाटलं त्या पोरीचं की मी तिला जवळ घेतलं, आणि मग तीच मला म्हणायला लागली, रो मत आंटी.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. सकाळी दाढी केली आणि तुरटी लावली नाही. मी घाबरलेच. डॉक्टरला दाखवावं का, असं मनात येतंय तोवर हे मृणालच्या खोलीबाहेर जाऊन उभे राहिले.

"काय करायचं ते सांग."

"सांगेन ते कराल?"

"करीन."

"मग पहिलं म्हणजे, खिशातला तो तुरटीचा खडा आईंकडे द्या."

ह्यांनी दिला! गुपचूप! मी तो मसाल्याच्या डब्यामागे लपवून ठेवला.

त्यानंतरचे दिवस म्हणजे धमाल होती. आधी हौद रिकामा केला, घासला. यासीनभाईंकडे कोऱ्या कापडाचा एक गठ्ठा होता, तो त्यांनी नव्याने छापायला घेतला. आणि वर टेकाडावर मृणालने सगळ्यांना कामाला लावलं. दगडांचे बांध परत रचले. सोयाबीनचा भुसा ट्रॉलीने आला, तो उतारावर पसरला, खाली गवताचं बी टाकलं. हे डोक्याला मफलर बांधून भुसा पसरवतायत आणि मृणाल खालून ओरडते आहे, "बाबा, इतका पातळ नको! जमीन दिसते आहे!" आयुष्यात ह्यांना कोणी असं बोललं नव्हतं. मी बोलते ते वेगळं.

नाल्याच्या तोंडावरचा उभा उतार तेवढा राहिला. तिथे भुसा टिकेना, घसरून खाली यायचा. त्यावर दाबायला कापड पाहिजे, असं मृणाल म्हणत होती, आणि शेठ नवं कापड द्यायला तयार नव्हता. संध्याकाळी यासीनभाई खांद्यावर गाठोडं घेऊन टेकाड चढले. त्यातून त्यांनी त्या लाल झालेल्या चादरी काढल्या. शिवाय घरात पडलेला जुना बिघडलेला मालही.

"शादी में तो ये बिछेगी नहीं," ते म्हणाले. "पहाड़ पर बिछा लो."

मृणालने एक चादर उचलली आणि हातानेच सारखी करत राहिली. मग ह्यांनी दुसरं टोक धरलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या चादरी उतारावर ताणल्या आणि बांबूच्या खुंट्यांनी ठोकल्या. अख्खा उतार लाल बुट्ट्यांचा झाला.

दुसऱ्या दिवशी शेठ गाडीतून उतरला आणि किंचाळला. "ये क्या धोबीघाट लगा रखा है? पार्टी आ रही है प्लॉट देखने! निकालो सब!" मृणाल काही बोलणार तेवढ्यात आमचे हे पुढे झाले. मला वाटलं, आता हे पाणीखात्यावरचं भाषण ठोकणार. पण हे म्हणाले, "मॅडम का ऑर्डर है. मॅडम बोलेंगी तो निकलेगा." शेठ मॅडमकडे बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, "नहीं निकलेगा." आणि नाही निघालं. ती पार्टी आली, तिला ते डेकोरेशन वाटलं आणि तिने फोटो काढले.

दुपारच्याला आम्ही खाली यासीनभाईंकडे. वेळ कमी होता, त्यामुळे त्यांनी नाइलाजाने आम्हालाही ठसे दिले. मला बुट्टी, मृणालला वेल. ह्यांना फक्त काठ, तोही आतल्या बाजूचा. ठसा खळीत बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीने ठोकायचा. ह्यांचा काठ असा वाकडा की दारू प्यायलाय की काय. "साब, आप पानी ही देखो," यासीनभाई म्हणायचे आणि हे आणखी जोर लावून ठोकायचे. सायमा हसून हसून लोळायची. ते मला फार बरं वाटायचं.

कापड छापून तयार झालं आणि पाणी नाही. लग्न तोंडावर. आम्ही सगळे रोज आभाळाकडे बघायचो. शेवटी एका सकाळी ढग भरून आले आणि परत मावठा लागला, चांगला जोरात. मृणाल छत्रीसुद्धा न घेता उताराच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. आम्ही दोघं आणि यासीनभाई हौदापाशी, त्यांच्या पत्र्याखाली. पाणी यायच्या आधी त्याचा आवाज आला. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पाणी आलं. काच नव्हती हो, खोटं कशाला सांगू. भुशाच्या दोनचार काड्या तरंगत होत्या. पण तळ दिसत होता. यासीनभाईंनी ओंजळ भरली, ह्यांच्याकडे रोखून बघितलं.

"साब, डाली तो नहीं?"

"बहू की कसम, नहीं डाली."

त्यांनी चाखलं. मग पुन्हा एक घोट घेतला, आणि हा गिळला. त्यांनी पहिली चादर पाण्यात सोडली.

कढई चढली तेव्हा आम्ही सगळे भोवती. लाल रंगाचं पाणी खदखदत होतं, आत काय होतंय ते काही दिसेना. मृणाल नखं खात होती. यासीनभाईंनी काठीने पहिली चादर वर उचलली, पाण्यात खळबळली आणि दोघांनी धरून उलगडली.

पांढरी! बुट्टी कशी लालचुटूक आणि जमीन पांढरी! सायमाने टाळ्या पिटल्या, मृणाल मटकन खालीच बसली. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण मोठ्याने बोलले.

हे मात्र चष्मा लावून चादरीच्या अगदी जवळ गेले. एका कोपऱ्यात येऊन थांबले आणि चेहराच उतरला. तिथे पांढऱ्यावर एक लाल अंगठा उठला होता. पुरता, रेषांसकट. काठ छापताना खळीने माखलेला हात कुठेतरी टेकला असणार, तेव्हा काही दिसलं नाही. ह्यांनी आपला अंगठा शेजारी धरून बघितला.

"मेराच है," हे म्हणाले. "परत मीच. यासीनभाई, ये चादर अलग कर दो. धुतलं की जाईल का हो हे? जाएगा ना?"

यासीनभाईंनी चादर ह्यांच्या हातातून काढून घेतली. दुमडली, तो कोपरा वर येईल अशी दुमडली आणि सायमाच्या हातात दिली. "इसको सबसे ऊपर रखना," तिला म्हणाले. "कोई पूछे तो बोलना, पानी वाले चाचा का है."

मग ह्यांच्याकडे वळले. "नहीं जाएगा, साब. फिटकरी का है. चादर फट जाएगी, ये नहीं जाएगा."

आणि आमचे हे तिथेच, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखे रडायला लागले.